दाजींचं बोलणारं जनावर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका हट्टी माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतका सज्जनही झाला नाही. हे दोन गुण दोन वेगळ्या माणसांत असले तर घर सुरळीत चालतं. एकाच माणसात आले की भांडायचं कधी आणि पाया पडायचं कधी, हे घरातल्या बायकांना कळेनासं होतं. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. कुरुंदवाडच्या दवाखान्यात ते जनावरांचे डॉक्टर होते आणि आमचं माहेर त्याच गावातलं. अक्काला बघायला आले तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे तो सगळा कार्यक्रम मी दाराआडून बघितला. पोहे आले, अक्का आली, पाटावर बसली, आत्यानं पाहुण्यांना सांगितलं की आता काय विचारायचं ते विचारा. दाजींनी माझ्या वडिलांना विचारलं की कोपऱ्यातला रेडिओ खरखरतोय तो कधीपासून. त्यानंतर बराच वेळ रेडिओ त्यांच्या मांडीवर उघडा पडला होता आणि दोन्हीकडची वडीलधारी माणसं त्याच्या पोटात वाकून बघत होती. पाहुणे निघाले तेव्हा रेडिओ ठणठणीत वाजत होता आणि मुलगी पसंत आहे की नाही हे विचारायचंच राहून गेलं होतं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, तर दाजींचा निरोप आला, "पसंत हाय की. सगळं स्क्रू तिनंच तर सांभाळलं."

झाकण ही वस्तू देवानं उघडण्यासाठीच बनवली आहे, अशी त्यांची श्रद्धा. माझ्या लग्नात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ आहेर दिलं, ते आधी उघडून, पुसून, पुन्हा जोडून. सोबत एक चिमुकलं चाक कागदाच्या पुडीत. हे चाक जास्तीचं आहे, त्याच्यावाचून घड्याळ चांगलं चालतं, असं त्यांनी मांडवात माझ्या सासऱ्यांना समजावून सांगितलं. घड्याळ अजून चालतं, हे मला कबूल केलं पाहिजे. राजारामपुरीत मी मुलींसाठी मेस चालवते. तिथला मिक्सर, गिझर, शेगडी, झालंच तर दाराचं कुलूप, यातली एकही वस्तू त्यांनी एकदा तरी उघडल्याशिवाय सोडलेली नाही. एखादी वस्तू उघडता येत नसेल, कंपनीनं ती चिकटवूनच टाकली असेल, तर मात्र ते तिच्याकडं असं बघतात जसं सोयरिकीत वय लपवणाऱ्या माणसाकडं बघावं.

रोगी तपासायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती जनावर, यंत्र आणि नातेवाईक या तिघांनाही सारखीच लागू होती. आधी लांब उभं राहायचं. हात लावायचा नाही. जनावर उभं कसं आहे, वजन कुठल्या पायावर टाकतंय, कान कुठं आहेत, हे बघायचं. मग काल काय खाल्लं ते विचारायचं. आणि मालकाचं म्हणणं सगळ्यांत शेवटी ऐकायचं, कारण जनावर खोटं बोलत नाही, मालक बोलतो. एकदा माझे मिस्टर तापानं फणफणले होते. दाजी आले, दारातच थांबले, त्यांना एक शब्द न विचारता निरखत राहिले आणि मग मला म्हणाले, "चारा किती खातोय?" मिस्टर अंथरुणात उठून बसले. मी मात्र इमानदारीत सांगितलं की दोन दिवस चाऱ्याला शिवलेले नाहीत. दाजी म्हणाले की मग काळजी नको, ज्याचं दुखणं खोटं असतं तो खातो. त्यांच्या नोकरीतली पंचवीस-तीस वर्षं अशी मुक्या रोग्यांपुढं उभं राहण्यात गेली. कुठं दुखतंय हे एकाही रोग्यानं कधी सांगितलं नाही. ही खंत ते जेवताना, प्रवासात, कुणाच्या बाराव्यालाही बोलून दाखवायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी कसबा बावड्यात घर बांधलं. वर राहायच्या खोल्या, आणि खाली एक मोठी खोली, जिच्यात टेलिफोन, दाजी आणि उघडलेल्या वस्तू राहायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली होती. जावई एकदा आले तेव्हा आपला जुना लॅपटॉप सासऱ्यांना देऊन गेले. लॅपटॉपमध्ये जी नेहमीची सिस्टीम असते तीच होती, आणि दाजींचं तिच्याशी आठवडाभरही पटलं नाही. काही बिघडलं की ती एक चौकट दाखवायची: काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा. दाजी म्हणायचे, "रोग झालाय म्हणून सांगतंय, कुठं झालाय ते सांगंना. ह्यापेक्षा म्हस बरी, निदान शेपूट तरी हलवती." मग एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर त्यांना लिनक्सची सीडी मिळाली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी, आणि आतलं सगळं उघडं ठेवलेली ही सिस्टीम. ती सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकतात: हे सापडलं, ते सुरू झालं, अमुक तपासलं, तमुक मिळालं नाही. मी तिथं होते त्या दिवशी. दाजी खुर्ची मागं सरकवून लांब उभे राहिले आणि हात पाठीमागं बांधून त्या ओळी बघत राहिले. मग अक्काला जिन्यातून हाक मारली. "अगं, खाली ये. दुखतंय कुठं ते सांगणारं जनावर बघायचं असलं तर ये." अक्का भाजी परतत होती, आली नाही. पण त्यांच्या आवाजात जे होतं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते त्या ओळींचे झाले. साठीच्या पुढं इंग्रजी नव्यानं शिकावं तसं ते शिकले, तेही यंत्राच्या तक्रारींचं इंग्रजी. अडलं की जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या चर्चेत प्रश्न पाठवायचे. हे अनोळखी लोक म्हणजे त्यांच्या लेखी पावणं. ब्राझीलचं पावणं, फिनलंडचं पावणं. 'आदरणीय महोदय, आपली व आपल्या कुटुंबाची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो' अशी इंग्रजीत सुरुवात करून ते मग साउंडकार्डाची व्यथा मांडायचे. पलीकडून बहुधा एका ओळीचं उत्तर यायचं, की हे आधी शंभरदा विचारून झालंय, शोधा. मी म्हटलं, उद्धट आहेत मेले. दाजींना ते पटायचं नाही. बांधावरचा म्हातारा शेतकरी असाच असतो, आधी खेकसतो आणि मग बैल सोडून तुमच्याबरोबर येतो, असं ते म्हणत. आणि खरंच, फिनलंडचं पावणं एकदा आठ दिवस त्यांच्या साउंडकार्डाच्या मागं लागलं होतं. शेवटी कार्ड बोललं तेव्हा दाजींनी त्याला गुळाची ढेप पाठवायची तयारी केली. पोस्टातल्या माणसानं समजूत घालून परत पाठवलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडं येते. भाचीला दिवस गेले. बाळंतपणाला अक्का ऑस्ट्रेलियाला जाणार होती. तिकीट झालं, डिंकाचे लाडू बांधून झाले, बाळंतविड्याची गोधडी शिवून झाली, आणि अक्का न्हाणीघरात घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणली तेव्हा चार माणसांनी खुर्चीत बसवून तिला वर चढवली, आणि डॉक्टरांनी बजावलं की दीड महिना कॉटवरून हलायचं नाही. तिकडं नातू झाला. फोनवर त्याचं रडणं ऐकलं. दाजी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेतून त्याचा फोटो छापून घेऊन आले, पण तिथल्या प्रिंटरमधून तो असा काळा आला की बाळ आणि दुपटं वेगळं करता येईना. अक्का रडली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. तिनं फक्त लाडवांचा डबा माझ्याकडं दिला आणि मेसच्या मुलींना वाटून टाक म्हणाली. त्या डब्याचं झाकण मला बरेच दिवस उघडवलं नाही.

मग जावयांनी तोड काढली. रविवारी बारसं होतं. ते तिकडून कॅमेरा लावणार होते आणि अक्कानं इकडून कॉटवर पडल्या पडल्या लॅपटॉपवर बघायचं, पाळणाही म्हणायचा. सोपं होतं. फक्त लॅपटॉपला वायर जोडायचं भोक वळवाच्या विजेत जळलं होतं, त्याबरोबर खालचा जुना मोडेमही. नवा मोडेम बिनवायरचा आला होता. म्हणजे लॅपटॉपच्या आतलं वायरलेस कार्ड चाललं तर वरच्या खोलीत इंटरनेट येणार, नाहीतर नाही. आणि लिनक्सवर ते कार्ड चालत नव्हतं. सुरुवातीच्या ओळींमध्ये ते दिसायचं, आहे म्हणून सांगायचं, आणि पुढं गप्प. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं त्याला चालवायचा प्रोग्राम फक्त त्या नेहमीच्या सिस्टीमसाठी दिला होता, बाकीच्यांना आतलं काही दाखवलं नव्हतं.

मी सोमवारीच सांगितलं की राजारामपुरीतल्या दुकानात द्या, लिनक्स काढून जुनी सिस्टीम घालून देतील. दुकानदाराला विचारूनही आले. तो म्हणाला, गुरुवारपर्यंत आणा, नंतर जमायचं नाही. दाजी म्हणाले की बरं. 'बरं' म्हणजे नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. ते रोज बावड्याहून बसनं सायबर कॅफेत यायचे, कॉलेजच्या पोरांमध्ये टोपी घालून बसायचे, पावण्यांची उत्तरं आणि कुठले कुठले प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्यायचे, परत जाऊन लॅपटॉपला पाजायचे. जाता जाता माझ्याकडून अक्काचा डबा न्यायचे आणि मला रोग्याची हालचाल सांगायचे. मंगळवारी कार्डानं नाव सांगितलं. बुधवारी दिवा पेटला आणि विझला. गुरुवारी सकाळी मी रिक्षा घेऊन लॅपटॉप न्यायलाच बावड्याला गेले. जिना चढले तर अक्काच म्हणाली, "राहू दे त्यांच्याकडं." मी म्हटलं, रविवारी बघणार काय, भिंत? अक्का म्हणाली, "तू न्हेलास तर मी बघीन बाळाला, आन् हे माझ्याकडं बघायचं बंद करतील. राहू दे." रिक्षा रिकामी परत गेली. दुकानाचा रस्ता बंद झाला. आता जे काय व्हायचं ते दाजींच्या हातून.

शुक्रवारी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा दाजी अक्काच्या कॉटच्या पायथ्याशी खुर्चीत बसले होते आणि लॅपटॉप बंद होता. मला वाटलं, संपलं. पण कार्ड चालवायचा उपाय मिळाला होता. ब्राझीलच्या पावण्यानं कळवलं होतं की कंपनीनं दुसऱ्या सिस्टीमसाठी दिलेला प्रोग्राम जसाच्या तसा आणायचा, आणि लिनक्समध्ये तो अशा एका खोळीत घालून बसवायचा की आपण घरच्याच सिस्टीमवर आहोत असं त्याला वाटावं. मग कार्ड चालतं. प्रोग्राम पेनड्राइव्हवर आणून ठेवलाही होता. मी विचारलं, मग घोडं अडलं कुठं? दाजींनी पेनड्राइव्ह बोटांत फिरवला. मग म्हणाले, "मेहुणबाई, हे पेंढ्याचं वासरू हाय."

शहरातल्या वाचकांना सांगायला पाहिजे. म्हशीचं किंवा गाईचं पिल्लू मेलं की ती पान्हा सोडत नाही. मग काही शेतकरी त्या पिल्लाचं कातडं सोलून, त्यात पेंढा भरून, ते तिच्यापुढं उभं करतात. ती ते चाटते आणि दूध देते. दाजींना हा प्रकार साऱ्या नोकरीत सोसला नाही. एका गोठ्यात त्यांनी असलं वासरू ओढून त्यातला पेंढा उपसून टाकला होता. म्हैस आटली, आणि त्या घरची सगळी माणसं दवाखान्यावर चालून आली. तरी त्यांचं म्हणणं एकच, मुक्या जीवाला फसवून दूध काढायचं नाही. आणि आता कार्डाला फसवायचं, तेही असल्या प्रोग्रामनं, ज्याच्या पोटात काय भरलंय ते कंपनी बघू देत नाही.

माझा पारा चढला. रविवार दोन दिवसांवर, पोरगी तिकडं आईवाचून, बहीण कॉटला खिळलेली, आणि हा माणूस पत्र्याच्या तुकड्याचं मन सांभाळत बसलाय. मी तसं स्पष्ट बोललेही. दाजींनी ऐकून घेतलं. पण बोलायचं ते अक्काच बोलली, छताकडं बघत.

"अहो, म्हशीला कळत न्हाय असं वाटतंय व्हय तुम्हास्नी?"

दाजींनी मान वर केली.

"तिला पेंढ्याचा वास येत न्हाय? सगळं कळतंय तिला. वासरू न्हाय ते, हे तिला पक्कं ठाऊक असतंय. पण चाटायला कायतरी पायजे की वो." मग ती म्हणाली, "मलाबी ठाऊक हाय, रविवारी पोरगं काय हातात येणार न्हाय. काचंवरच दिसायचं. दिसू दे की."

मी डबा उघडायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि खालून कळा दाबल्याचा आवाज येत होता, एका बोटानं, सावकाश. जेवायला वर आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की दूध उतरलं. चेहरा पडलेला होता, पण जेवले नीट.

रविवारी मी सकाळीच मेसचा स्वयंपाक मुलींवर सोपवून बावड्याला गेले. तेव्हा नवीच अडचण निघाली. खालच्या मोडेमची लहर स्लॅबमधून वर यायची ती धड नाही. कॉटजवळ लॅपटॉप ठेवला की काही नाही. जिन्याच्या दाराशी, छातीच्या उंचीवर, जरा तिरका धरला की येई. स्टूल ठेवलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर गव्हाचा डबा ठेवला. उंची तीच, पण रेंज जायची. दाजींनी हातात धरला की यायची. माझ्या मते तेच अँटेना झाले होते. शेवटी कॉटचं तोंड दाराकडं वळवलं आणि दाजी दारात उभे राहिले, ताम्हन धरावं तसा दोन्ही तळव्यांवर लॅपटॉप धरून, पडदा अक्काकडं. आमच्या बाजूनं कॅमेरा नव्हता, आवाज तेवढा जात होता.

आणि बाळ आलं. आधी चौकोन चौकोन, मग एकदम स्वच्छ. हिरव्या दुपट्यातलं, मूठ चोखणारं. भाचीनं त्याला कॅमेऱ्यासमोर धरलं आणि आई, दिसतोय का, म्हणून विचारलं. अक्कानं आधी तिलाच दम दिला, मान धर नीट त्याची, लोंबकळाय लागलीया. मग पाळणा म्हटला. आवाज तिकडं उशिरा पोचायचा, त्यामुळे इकडं कडवं संपलं की तिकडची माणसं जरा वेळानं डोलायची. तिकडं बाळाच्या आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं. पाळणा हलला. अक्का हात पुढं करायची, कॉटवरून तो पोचायचा नाही, मग ती तो तसाच हवेत हलवायची, पाळण्याच्या दोरीसारखा. दाजींचे हात भरून आले होते हे मला दिसत होतं. मी म्हटलं, आणा इकडं, मी धरते, तुम्ही या पुढं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. हललं की जायचं.

तसं ते शेवटी गेलंच, पाळणा अर्ध्या झोक्यात असताना. पुन्हा जोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तोवर तिकडं जेवायची वेळ झाली होती. दाजींनी लॅपटॉप मिटला आणि मनगटं चोळत कॉटवर येऊन बसले. अक्काचा चेहरा उजळलेला. ती म्हणाली, "नाक बघितलासा न्हवं पोराचं?"

"बघितलं की," दाजी म्हणाले.

"कुणाचं हाय?"

"तुझंच हाय. दुसऱ्या कुणाचं असणार?"

अक्का समाधानानं डोळे मिटून पडली. मी भांडी आवरली, रिकामा डबा पिशवीत घातला आणि निघाले. दाजी मला सोडायला बसच्या थांब्यापर्यंत आले. एरवी फाटकापर्यंत येतात. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या रिकाम्या बैलगाड्या सावकाश जात होत्या. त्या जाईपर्यंत ते कडेला थांबले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेहुणबाई, खरं सांगा. कसलं हाय ओ पोरगं?"

मी सांगायला लागले. कपाळ रुंद आहे, भाचीसारखं. कान जरा मोठे, ते तुमचे. नाक मात्र जावयांचं, त्याला इलाज नाही. मूठ चोखतं ते डाव्या हाताची, आणि सुटली की रडत नाही, आधी सगळीकडं बघतं. ते मान हलवत ऐकत होते, मधेच विचारत होते, जावळ किती, रंग कसा, भाची वाळलीय का. बस आली, थांबली, कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं आणि घंटा मारली. ती गेल्यावर दाजी म्हणाले की डोळ्यांचं राहिलं. मग मी डोळ्यांचं सांगितलं.